तंत्रज्ञान, बदलता समाज आणि उद्याच्या नोकऱ्या: बडोद्यातील मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, वाडी, प्रतापनगर आणि अलीकडे गोत्री किंवा वाघोडिया रोडकडे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांकडून मुलांच्या शिक्षणाबद्दल आणि स्वतःच्या नोकरीबद्दल जे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नोकऱ्या जाणार आहेत की वाढणार आहेत? रोज वेगळेच ऐकू येते.

दोन्ही गोष्टी घडतील. मात्र ज्याची नोकरी जाईल त्यालाच नवी मिळेल, असे नाही. खरी काळजी करण्याची जागा ती आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात २०३० पर्यंत जगभरात सुमारे १७ कोटी नव्या नोकऱ्या निर्माण होतील आणि ९.२ कोटी नोकऱ्या नाहीशा होतील, असा अंदाज दिला आहे. बेरीज-वजाबाकी केल्यास आकडा दिलासा देणारा वाटतो, परंतु बिलिंगच्या टेबलावरून उठलेल्या पन्नाशीच्या कारकुनाला दुसऱ्या कोणत्या तरी देशात उघडलेल्या जागेचा काहीच उपयोग नसतो.

असे आकडे वाचताना ते कसे काढले आहेत हे पाहावे. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी अमेरिकेतील ४७ टक्के नोकऱ्यांना संगणकीकरणाचा मोठा धोका आहे, असे मांडले आणि तो आकडा जगभर गाजला. तीनच वर्षांनी, २०१६ मध्ये, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात तोच धोका सरासरी ९ टक्क्यांवर आला. पहिल्या अभ्यासाने व्यवसाय अखंड धरला होता, तर दुसऱ्याने त्या व्यवसायातील माणूस दिवसभरात नेमकी कोणती कामे करतो हे पाहिले. यंत्र सहसा माणसाची अख्खी नोकरी एकदम घेत नाही, त्या नोकरीतील काही कामे घेते. या पानावरील बहुतेक उत्तरे याच भेदावर आधारलेली आहेत.

२. मग एखादी नोकरी टिकेल की नाही, हे आम्ही सामान्य माणसांनी ओळखायचे कसे?

प्रथम त्या नोकरीतील एका आठवड्याची कामे कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येक कामापुढे काही प्रश्न विचारावेत. हे काम दरवेळी त्याच पद्धतीने होते का? ते पूर्णपणे पडद्यावर आणि कागदावर होते, की त्यासाठी जागेवर उभे राहावे लागते? आणि चूक झाली, तर जबाब कोणाला द्यावा लागतो?

आमच्या मते या तिसऱ्या प्रश्नाकडे सर्वात कमी लक्ष दिले जाते आणि तोच सर्वात महत्त्वाचा आहे. ताळेबंदावर सनदी लेखापालाची, क्ष-किरण अहवालावर नोंदणीकृत डॉक्टरची आणि कारखान्यातील वर्क परमिटवर, म्हणजे धोक्याचे काम सुरू करण्याच्या परवान्यावर, अधिकृत व्यक्तीची सही लागते. यंत्र उत्तर देऊ शकते, परंतु त्या उत्तरासाठी न्यायालयात किंवा चौकशी समितीपुढे उभे राहू शकत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक अग्रणी संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्ट घडवणे आता थांबवावे, असे म्हटले होते. त्यानंतर क्ष-किरण आणि स्कॅन वाचणारी साधने खरोखरच पुष्कळ सुधारली, तरीही रेडिओलॉजिस्टची गरज संपलेली नाही. कारण प्रतिमा वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, आणि निदानाची जबाबदारी घेणे हा दुसरा.

म्हणून मुलांना आमचा सल्ला असा असतो की ज्या क्षेत्रात जाल, तेथे सही करण्याच्या अधिकारापर्यंत पोहोचवणारा मार्ग कोणता, हे पहिल्याच वर्षी विचारून घ्या.

३. असे बदल पूर्वीही झालेच ना? मग आताच एवढी चिंता कशाला?

झाले आहेत, आणि बडोद्याइतके ते जवळून पाहिलेली शहरे थोडी असतील. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या काळात, १८९० मध्ये, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झाले आणि रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांसारखे उद्योग शास्त्रशुद्ध रीतीने आणि देशी भाषांतून शिकवण्याचा प्रयत्न झाला. नव्या यंत्रांना घाबरण्यापेक्षा ती चालवणारी माणसे आपल्याच गावात तयार करावीत, हा त्यामागचा विचार होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. आजही एम. एस. विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा कलाभवनाच्या परिसरात आहे.

दुसरे उदाहरण बँकांचे. १९०८ मध्ये याच शहरात बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली आणि दांडिया बाजारातील कित्येक घरांत दोन-दोन पिढ्यांनी तेथे किंवा दुसऱ्या एखाद्या बँकेत नोकरी केली. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला, तेव्हा कर्मचारी संघटनांचा विरोध तीव्र होता. पुढे लेजर (हाताने लिहायच्या खातेवह्या) गेले, संगणक आले, २०००-०१ च्या सुमारास सार्वजनिक बँकांनी मोठी स्वेच्छानिवृत्ती योजना राबवली आणि २०१६ मध्ये यूपीआय आल्यावर काउंटरवरील रांगाही ओसरल्या. बँका बंद पडल्या नाहीत. लेजर लिहिणारा कारकून मात्र उरला नाही, आणि त्याच्या जागी कर्ज, विमा, वसुली आणि फसवणूक-तपासणी पाहणारे लोक आले. बदल सुमारे तीस वर्षांत पसरून झाल्यामुळे बहुतेकांना निवृत्तीपर्यंत वेळ मिळाला.

चिंता आहे ती याच वेळेची. चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मजकूर लिहिणे, भाषांतर, साधी प्रोग्रॅमिंगची कामे आणि ग्राहकसेवा यांचे स्वरूप पालटले. एसटीडी-पीसीओचा व्यवसाय आठवून पाहावा: १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो उभा राहिला, त्यावर हजारो घरे चालली आणि मोबाइल आल्यावर एका पिढीच्या आत तो संपला. पुढचे बदल त्याहूनही कमी अवधीत होऊ शकतात, असे धरून तयारी करणे शहाणपणाचे आहे.

४. मुलगी बी.कॉम. करते आहे. टॅली शिकून अकाउंट्सची नोकरी हा मार्ग अजून चालेल का?

केवळ नोंदी करण्यापुरता तो मार्ग अरुंद होत चालला आहे. २०१७ मध्ये जीएसटी आल्यानंतर खरेदी-विक्रीची बरीच माहिती सरकारी पोर्टलवर आपोआप जमा होते. खरेदीवर भरलेल्या कराची किती वजावट (क्रेडिट) मिळेल हे दाखवणारे जीएसटीआर-२बी हे विवरण पोर्टल स्वतःच तयार करून देते. आणि बिलाचा फोटो वाचून नोंद करणारी साधने छोट्या कार्यालयांतही पोहोचली आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ च्या अभ्यासानेही कारकुनी कामांनाच या तंत्रज्ञानाची झळ सर्वाधिक लागेल, असे म्हटले आहे: अशा कामांपैकी सुमारे २४ टक्के कामे थेट कक्षेत येतात, आणि आणखी ५८ टक्के मध्यम प्रमाणात.

परंतु कार्यालयात प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे. महिन्याच्या मध्याला २बी आणि खरेदीची वही जुळवून पाहिली की काही बिले जुळत नाहीत. कोठे पुरवठादाराने बिल दुसऱ्याच्या जीएसटी क्रमांकावर चढवलेले असते, कोठे त्याने विवरणच भरलेले नसते, तर कोठे माल परत गेलेला असतो आणि क्रेडिट नोट आलेली नसते. संगणक फक्त जुळत नाही एवढेच दाखवतो. पुरवठादाराला फोन लावून, त्याची अडचण समजून घेऊन, क्रेडिट कोणत्या महिन्यात घ्यायचे हे ठरवणारी व्यक्ती लागतेच, आणि चुकीचे क्रेडिट घेतल्यास नोटीस मालकाला येते. मुलीने टॅली जरूर शिकावे, पण त्याबरोबर जीएसटी व टीडीएसचा कायदा, एक्सेलमधील विश्लेषण आणि शक्य असल्यास सीए, सीएमए किंवा कंपनी सेक्रेटरी यांपैकी एकाची पहिली पायरी सुरू करावी. लेखापरीक्षणाच्या अहवालावर सनदी लेखापालाचा यूडीआयएन, म्हणजे त्या दस्तऐवजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असावा लागतो, हे लक्षात घेतले की प्रश्न २ मधील सहीचा मुद्दा येथे किती थेट लागू पडतो ते दिसते.

५. मी नंदेसरीत केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर आहे. सगळे कंट्रोल रूममधून चालू लागले आहे. आमची गरज संपेल का?

माणसांची संख्या कमी होईल, उरलेल्यांचे काम अधिक जबाबदारीचे होईल. बडोद्याच्या उत्तरेचा औद्योगिक पट्टा मुख्यतः तीन मोठ्या प्रकल्पांभोवती वाढला: १९६२ मध्ये स्थापन झालेली जीएसएफसी ही खत कंपनी, १९६५ मध्ये सुरू झालेली कोयलीची रिफायनरी आणि १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी. त्या पिढीतील ऑपरेटर हाताने व्हॉल्व्ह फिरवत असत आणि दर तासाला लॉगशीट भरत असत. आज तापमान, दाब आणि प्रवाह यांची नोंद कंट्रोल रूममधील संगणकीय यंत्रणा (वितरित नियंत्रण प्रणाली) करते. पंपाच्या कंपनांवरून बेअरिंग केव्हा खराब होईल याचा अंदाज देणारी साधनेही आली आहेत.

तरीही फील्ड ऑपरेटरची फेरी बंद झालेली नाही, आणि त्याला कारण आहे. समजा एखाद्या टाकीच्या नळीवर वेल्डिंग करायचे आहे. प्रथम ती नळी बाकी प्लांटपासून वेगळी करावी लागते, आतील द्रव काढावा लागतो, फ्लँजमध्ये (नळीच्या जोडावर) ब्लाइंड म्हणजे वाट बंद करणारी चकती टाकावी लागते, नळी धुवून घ्यावी लागते आणि मग गॅस टेस्टर घेऊन ज्वलनशील वायू उरलेला नाही हे तपासावे लागते. हे सारे पाहून हॉट वर्क परमिटवर वेळ घालून सही केल्याशिवाय ठिणगी पडता कामा नये, आणि दुपारच्या जेवणानंतर काम पुन्हा सुरू करताना वायूची तपासणीही पुन्हा करावी लागते, कारण मधल्या वेळेत कोठून तरी गळती झालेली असू शकते. पडद्यावर सर्व आकडे ठीक दिसत असताना नाकाला आलेला वास किंवा गॅस्केटजवळ दिसलेला ओलावा ज्याने वेळेवर सांगितला, त्याने अनेकांचे प्राण वाचवले आहेत.

म्हणून आपल्यासारख्या ऑपरेटरांनी यंत्रणेपासून दूर न राहता तिच्यात शिरावे. अलार्मची नोंद वाचून मूळ कारण शोधणे, परमिट देण्याची पात्रता मिळवणे, बॉयलर असेल तर त्याचे सक्षमता प्रमाणपत्र घेणे, आणि जमल्यास औद्योगिक सुरक्षिततेची पदविका करणे, या चार गोष्टींमुळे आपले स्थान बळकट होते. कोणत्याही परिस्थितीत सुरक्षेची तपासणी न करता परमिटवर सही करू नये. नोकरी वाचवण्यासाठी केलेली अशी सही माणसाला तुरुंगापर्यंत आणि दुसऱ्याला मृत्यूपर्यंत नेऊ शकते. हे आम्ही दरवेळी सांगतो आणि पुढेही सांगत राहू.

६. आयटीआय करण्यात आता अर्थ आहे का? रोबोटच वेल्डिंग करणार ना?

एकाच प्रकारचे हजारो तुकडे जोडायचे असतील, तेथे रोबोट वेल्डिंग करतो. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत मात्र आज एका प्रकारचे दहा आणि उद्या दुसऱ्या प्रकारचे चार नग करायचे असतात. तेथे कुशल हात अजूनही स्वस्त आणि भरवशाचा ठरतो. बडोद्याचा ट्रान्सफॉर्मर उद्योग हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलवर कागदाचे आवरण असलेली तांब्याची पट्टी गुंडाळताना ताण किती ठेवायचा, जोड कोठे घ्यायचा आणि कागद फाटला तर काय करायचे, हे वाइंडर हातानेच सांभाळतो. त्याला तयार होण्यास वर्षे लागतात. वीजमागणी आणि सौर-पवन ऊर्जेची जोडणी वाढत असताना या कामाची मागणी ओसरण्याचे कारण दिसत नाही.

गोरवा आणि तरसाली येथील आयटीआयमध्ये प्रवेश घेताना ट्रेडच्या नावापेक्षा त्यात सीएनसी (संगणकावर चालणारी कटाई यंत्रे), पीएलसी (यंत्रे चालवणारे नियंत्रक) आणि विद्युत मोजमाप किती शिकवले जाते, हे पाहावे. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप अवश्य करावी. अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणे अपेक्षित आहे, त्यामुळे ही मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

७. विमानाचा कारखाना आला, मेट्रोचे डबे बडोद्याजवळच्या सावली या गावी बनतात. आमच्या मुलांना तेथे संधी आहे का?

आहे, मात्र बातमीवरून वाटते तेवढी मोठी आणि लगेच नाही. सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाचा करार सप्टेंबर २०२१ मध्ये झाला. एकूण ५६ विमानांपैकी ४० बडोद्यात जोडली जाणार आहेत आणि या प्रकल्पाचे उद्घाटन २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. सावलीत मेट्रोचे आणि दिल्ली-मेरठ मार्गावरील नमो भारत गाड्यांचे डबे तयार झाले आहेत. लालबागच्या प्रताप विलास राजवाड्यात राष्ट्रीय रेल्वे व वाहतूक संस्था म्हणून २०१८ मध्ये सुरू झालेली आणि २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठ असलेली गतिशक्ती विश्वविद्यालय ही संस्था याच क्षेत्रांसाठी आहे, हे अनेक बडोदेकर पालकांना ठाऊक नसते, याची आम्हाला खंत वाटते.

अंतिम जोडणीच्या कारखान्यात थेट मिळणाऱ्या जागा मर्यादित असतात. अधिक रोजगार त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत तयार होतो. विमान आणि रेल्वे या दोन्ही क्षेत्रांत प्रत्येक रिव्हेट, प्रत्येक बोल्टचा टॉर्क नोंदवावा लागतो आणि तपासणाऱ्याचे नाव त्यावर राहते. त्यामुळे गुणवत्ता नियंत्रण, विनाविध्वंस परीक्षण (भाग न तोडता केलेली तपासणी) आणि कॉम्पोझिट म्हणजे मिश्र पदार्थांचे काम शिकलेल्यांना येथे प्राधान्य मिळण्याची शक्यता अधिक आहे.

८. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा की नाही?

गणिताची आवड असेल आणि चार वर्षांनंतरही शिकत राहण्याची तयारी असेल, तर अवश्य घ्यावा. साधी प्रोग्रॅमिंगची कामे यंत्र करू लागल्याने नवख्यांच्या पहिल्या नोकऱ्यांवर दबाव आहे, ही वस्तुस्थिती लपवण्यात अर्थ नाही. यंत्राने लिहिलेला कोड योग्य आहे की नाही हे तपासू शकणारा, आणि ज्या क्षेत्रासाठी तो लिहायचा ते क्षेत्रही जाणणारा अभियंता पुढे जाईल. आपल्या शहरात रसायन, वीज-उपकरणे आणि वाहतूक ही तीन क्षेत्रे दाराशी आहेत. संगणकाच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी त्यांपैकी एखादे निवडले, तर त्याचा परिचय इतरांपेक्षा वेगळा उठून दिसेल.

९. मी मराठी-गुजराती भाषांतर आणि टायपिंगवर घर चालवते. पुढे काय?

टायपिंगचे काम टिकणार नाही, असेच प्रामाणिकपणे सांगावे लागते. सरकारच्या भाषिणीसारख्या यंत्र-भाषांतराच्या सेवांमुळे साधे भाषांतरही जवळपास फुकट झाले आहे. दस्तऐवज, कोर्टाची कागदपत्रे, औषधांवरील सूचना आणि वैद्यकीय संमतिपत्रे अशा ठिकाणी, जेथे एका शब्दाने अर्थ बदलतो आणि नुकसान होते, तेथे यंत्राच्या मसुद्याची तपासणी करून त्याची खात्री देणारी व्यक्ती लागते. गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी या चारही भाषा घरात आणि बाजारात वावरून आलेल्या बडोदेकर माणसाला हे काम इतरांपेक्षा लवकर जमते. आपण पृष्ठाचा दर सोडून तपासणीचा दर सांगायला सुरुवात करावी.

१०. सौर ऊर्जा आणि विजेवरच्या गाड्यांमुळे कोणाचे काम वाढेल आणि कोणाचे घटेल?

घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याच्या कामात गुजरात देशात आघाडीवर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे उद्दिष्ट असून ३ किलोवॉटपर्यंतच्या यंत्रणेला ₹७८,००० पर्यंत अनुदान मिळते. आता बसवलेली पॅनेले पुढील पंचवीस वर्षे धुवावी, तपासावी आणि दुरुस्त करावी लागणार असल्याने इलेक्ट्रिशियनचे काम केवळ जोडणीपुरते राहत नाही.

गाड्यांबाबत स्थिती उलट आहे. विजेवरच्या दुचाकीत कार्ब्युरेटर, क्लच, स्पार्क प्लग, इंजिन ऑइल यांपैकी काहीच नसल्याने नेहमीच्या गॅरेजचा नियमित सर्व्हिसिंगचा धंदा घटेल. ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनची कामे राहतील. ज्याचे गॅरेज आहे, त्याने पेट्रोलच्या गाड्या रस्त्यावर आहेत तोपर्यंतच बॅटरी आणि कंट्रोलरचे प्रशिक्षण घेऊन ठेवावे.

११. प्रश्न सगळे यंत्रांचेच का? समाज बदलल्यामुळे कोणती कामे वाढतील?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि तो विचारला गेला याचा आम्हाला आनंद आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गुजरातचा एकूण प्रजनन दर (एका स्त्रीमागे सरासरी मुले) १.९ आहे, म्हणजे पिढी बदलण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा कमी. २०११ च्या जनगणनेतच देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर होती. आपल्या शहरातील मराठी वस्तीत हे चित्र अधिक ठळक दिसते: मुलगा पुण्यात, मुलगी कॅनडात आणि जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या फ्लॅटमध्ये आजी-आजोबा दोघेच. परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, घरी येऊन काळजी घेणारे प्रशिक्षित सेवक, स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांना सांभाळणारे लोक यांची टंचाई आजच जाणवते. अंथरुणावरून उठवताना, आंघोळ घालताना आणि घास भरवताना लागणारा माणसाचा हात यंत्राने पुरा होत नाही.

दुसरा बदल स्त्रियांचा. देशात १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. यातील मोठा वाटा शेतीचा आणि घरच्याच उद्योगातील कामाचा असल्याने आकड्यावरून फार हुरळून जाऊ नये. तरीही शहरांत पाळणाघर, पोळी-भाजी केंद्र आणि घरकामाच्या सेवा यांची मागणी यामुळेच वाढते आहे. या कामांना समाज अजून कमी लेखतो, त्यांत वेतनही कमी मिळते, आणि पुढच्या काळातील सर्वात मोठी अन्यायाची जागा हीच ठरू शकते. प्रशिक्षण, ओळखपत्र आणि लेखी करार नसताना कोणत्याही मुलीने अशा कामावर जाऊ नये आणि कोणत्याही घराने तिला तसे बोलावू नये.

१२. मुलगा शिक्षण सोडून डिलिव्हरीचे काम करतो आहे. महिन्याला पैसे चांगले मिळतात. त्याला अडवावे का?

अडवू नये, पण त्याच्यासोबत बसून हिशेब करावा. मिळालेल्या रकमेतून पेट्रोल, गाडीची झीज, मोबाइल, विमा आणि आजारपणाचे बुडालेले दिवस वजा केल्यावर किती उरते, हे तीन महिने लिहून पाहावे. नीती आयोगाने २०२२ मध्ये २०२०-२१ साली देशात असे कायम नोकरीबाहेर काम करणारे ७७ लाख ‘गिग’ कामगार असल्याचा आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असा अंदाज दिला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत प्रथमच या कामगारांची व्याख्या आली असून अशी कामे देणाऱ्या अ‍ॅप-कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या कल्याण निधीत देण्याची तरतूद आहे. मुलाने असंघटित कामगारांच्या ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून घ्यावी. या कामात बढती नसते, हे त्याला आजच कळले तर संध्याकाळच्या वेळेत आयटीआय किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम सुरू ठेवण्याचे महत्त्व त्याला पटेल.

१३. सरकारी नोकरीच सर्वात सुरक्षित, हे अजून खरे आहे का?

नोकरी मिळालेल्यासाठी बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र कारकुनी पदांची भरती घटते आहे आणि अनेक कामे कंत्राटाने दिली जातात. परीक्षेची तयारी करायची असेल तर आधीच एक अंतिम वर्ष ठरवावे आणि त्या काळात दुसरे एक कौशल्य चालू ठेवावे.

१४. माझे वय ४९ आहे. आता नवे काय शिकणार?

संपूर्ण नवा व्यवसाय शिकण्याची गरज बहुधा नसते. आपल्याला जे येते त्याच्या शेजारचे एक काम शिकावे: स्टोअर सांभाळणाऱ्याने मालसाठ्याचे सॉफ्टवेअर, सुपरवायझरने गुणवत्तेची लेखापरीक्षा, सेल्समनने निविदा भरण्याची पद्धत. अनुभवी माणसाला बिघाडाचा इतिहास ठाऊक असतो आणि यंत्राने दिलेले उत्तर कोठे फसवे आहे, हे तोच ओळखू शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन वापरताना कंपनीची गोपनीय माहिती त्यात टाकू नये; या एका चुकीवरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

१५. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणारा कोर्स घ्यावा का?

घेऊ नये. हमी लेखी असेल तरी तिच्या अटी वाचाव्यात, मागील तुकडीतील किमान तीन विद्यार्थ्यांशी स्वतः बोलावे आणि फीसाठी कोर्सवाल्यांनीच सुचवलेले कर्ज काढू नये. सरकारच्या स्वयम् या मंचावर देशातील नामवंत संस्थांचे अनेक अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. आवड खरी आहे की नाही, हे तेथे आधी तपासावे.

१६. कारखान्यात स्वयंचलित यंत्र आणले आणि आम्हाला कमी केले, तर कायद्याने काय मिळते?

औद्योगिक संबंध संहितेनुसार किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कारणांसह एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. याशिवाय मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची असते आणि ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची असते. ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. ज्या सुधारणेमुळे कपात होण्याची शक्यता आहे, तिची २१ दिवस आधी नोटीस देणेही आवश्यक आहे. साधारणपणे त्या वर्गात शेवटी लागलेल्याला प्रथम कमी केले जाते, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाल्यास कमी केलेल्यांना प्राधान्य असते.

राजीनामा लिहून दिला की यातील बहुतेक हक्क संपतात. ‘आधी राजीनामा द्या, मग हिशेब करू’ असे सांगितले गेल्यास कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी संघटनेच्या प्रतिनिधीला किंवा श्रम आयुक्त कार्यालयाला भेटावे.

१७. हे नियम सुपरवायझर, ठेकेदाराचे कामगार आणि ठरावीक मुदतीचे कर्मचारी यांनाही लागू आहेत का?

येथे अपवाद आहेत आणि लोक याच ठिकाणी फसतात. देखरेखीचे काम करणारा आणि महिन्याला ₹१८,००० पेक्षा अधिक वेतन घेणारा कर्मचारी संहितेच्या व्याख्येनुसार कामगार ठरत नाही. मात्र हे केवळ पदनामावरून ठरत नाही. व्हिजिटिंग कार्डावर सुपरवायझर लिहिले असले तरी प्रत्यक्षात तो दिवसभर मशीन चालवत असेल, तर तो कामगार असल्याचा दावा करता येतो, आणि त्यासाठी शिफ्टच्या नोंदी, जॉब कार्ड आणि कामाचे संदेश जपून ठेवावेत.

ठेकेदाराकडील कामगाराचा कायदेशीर मालक ठेकेदार असल्याने भरपाईची मागणी प्रथम त्याच्याकडे करावी लागते; वेतन थकवले गेल्यास मात्र ते देण्याची जबाबदारी मुख्य कंपनीवर येते. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याची मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवला नाही, तर ती कपात धरली जात नाही, त्यामुळे प्रश्न १६ मधील भरपाई त्याला मिळत नाही. परंतु कामाचे तास, वेतन आणि सवलती कायम कामगारासारख्याच मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि एक वर्षाची सेवा झाल्यावर त्याला प्रमाणशीर ग्रॅच्युइटीही मिळते. आपले नियुक्तिपत्र यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे आजच उघडून पाहावे, आणि नियुक्तिपत्रच दिलेले नसेल तर ते लेखी मागावे.